किल्ला कुणाच्या बापाचा?

"आयर्लंडकडे बघा," असे सांगणारे दोन प्रकारचे वक्ते आम्ही ऐकले आहेत. पहिला म्हणतो, आयर्लंडने साडेसातशे वर्षांची इंग्रजांची गुलामी झुगारली आणि गुलामीच्या खुणाही पुसून टाकल्या. आपणही पुसून टाकाव्यात. दुसरा म्हणतो, आयर्लंडने जेत्यांचे किल्लेसुद्धा जिवापाड जपले, आपणही जपावेत. पहिल्याच्या सभेत टाळ्या जास्त पडतात. दुसरा बहुधा आपल्यापैकीच कुणीतरी असतो आणि समोर बसलेलेही आपलेच असतात. दोघांनीही आयर्लंडचा एकही किल्ला पायाखाली घातलेला नसतो. एकाला पाडण्यासाठी दाखला हवा असतो, दुसऱ्याला दाद मागण्यासाठी.

भाऊ तिकडे नोकरीला असल्यामुळे एका उन्हाळी सुट्टीत आम्हाला त्या देशातले किल्ले, मठ आणि पुराणी थडगी हिंडून बघता आली. बघितल्यावर आमचे म्हणणे असे आहे की हे दोन्ही वक्ते अर्धेच सांगतात, आणि इतिहासात अर्धे सांगणे ही लबाडी असते. आयर्लंडने खुणा पुसल्याही आणि जपल्याही. पुसल्या त्याबद्दल तो आज पस्तावतो आहे आणि जपल्या त्यावर तो पैसे कमावतो आहे. या दोहोंच्या मध्ये एक तिसरी गोष्ट आहे. काही ठिकाणी त्याने वास्तू जपली आणि तिच्याविषयी खरेही सांगितले. शिकण्यासारखे असेल तर ते हेच आहे.

'मूळचे' कोण?

सुरुवात सगळ्यात जुन्यापासून करू. डब्लिनच्या उत्तरेला बॉइन नदीच्या वळणावर न्यूग्रेंज नावाचा दगडमातीचा प्रचंड गोल ढिगारा आहे. इ. स. पूर्व ३२०० च्या आसपासचा, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडांहूनही जुना. आत एकोणीस मीटरची अरुंद वाट, शेवटी दगडी खोली. दाराच्या वर एक झरोका ठेवलेला आहे. २१ डिसेंबरच्या आसपास, वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी, उगवत्या सूर्याचा किरण त्या झरोक्यातून शिरतो आणि सुमारे सतरा मिनिटे ती खोली उजळते. प्राध्यापक मायकेल ओकेली यांनी १९६७ साली आत उभे राहून हे पाहिले, तोवर शतकानुशतके ते कुणी पाहिलेले नव्हते. १९९३ पासून हा सारा परिसर जागतिक वारशाच्या यादीत आहे. तिथे हवे तेव्हा घुसता येत नाही. अभ्यागत केंद्रातून ठरावीक माणसांची तुकडी बसने नेतात. त्या डिसेंबरच्या सकाळी आत उभे राहायला मिळावे म्हणून हजारो लोक अर्ज करतात आणि चिठ्ठ्या टाकून मोजक्यांची निवड होते.

आता प्रश्न असा की हे बांधले कुणी? आजच्या आयरिश माणसाच्या पूर्वजांनी, असे उत्तर कुणालाही गोड लागेल. पण ते खरे नाही. न्यूग्रेंज बांधणारे लोक आज ज्यांना केल्ट म्हणतात त्यांच्या कितीतरी आधीचे. जुन्या हाडांच्या जनुकीय अभ्यासांतून अलीकडे असे दिसून आले आहे की त्या शेतकऱ्यांनंतर काही शतकांनी या बेटावर बाहेरून नवी माणसे आली आणि वस्तीचा मोठा भाग त्यांचाच झाला. आजच्या आयरिश लोकांचा वंश मुख्यतः या मागाहून आलेल्यांशी जुळतो. न्यूग्रेंजवाल्यांची भाषा कोणती होती, त्यांच्या देवाचे नाव काय होते, हे सांगणारा आज कुणी नाही.

म्हणजे ज्या वास्तूला आयर्लंड आपला मुकुटमणी मानतो ती, वंशाचा हिशेब लावला तर, 'परक्यांची' आहे. नंतर आलेल्यांनी तिला आपल्या दंतकथांत घेतले, तिथे देवांचा महाल आहे असे मानले, आणि ती त्यांची झाली. मूळचा कोण आणि उपरा कोण, हा खेळ जो मांडतो त्याने लक्षात ठेवावे की इतिहासात पुरेसे मागे गेले की प्रत्येकाचा पूर्वज कुणाच्या तरी दारात उपराच उभा असतो. हे आम्ही कुणाला हिणवण्यासाठी म्हणत नाही. आपल्यापैकी काहीजण 'आमचे वाडवडील अरबस्तानातून आले' असे फुशारकीने सांगतात, त्यांनाही ते तितकेच लागू आहे. उपरेपणाची लाज नको, तसा त्याचा टेंभाही नको.

जेत्याचा बुरूज

नॉर्मन सरदार ११६९ साली आयर्लंडमध्ये उतरले, त्यांच्या मागोमाग ११७१ मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री आला. या सरदारांपैकी ह्यू द लेसी याला मीथचा मुलूख मिळाला आणि त्याने बॉइनच्या काठी ट्रिमचा किल्ला बांधायला घेतला. नॉर्मनांनी आयर्लंडमध्ये बांधलेला हा सर्वांत मोठा किल्ला. मधला बुरूज वीस कोनांचा आहे. आजही जवळ उभे राहिले की धाक वाटतो. तो धाक वाटावा म्हणूनच तो बांधला होता.

या द लेसीचा शेवट कसा झाला? ११८६ साली डरो या गावी तो दुसऱ्या एका किल्ल्याचे काम बघत उभा असताना एका आयरिश तरुणाने कुऱ्हाडीच्या घावाने त्याचे मुंडके उडवले. डरोला संत कोलम किल्लेचा जुना मठ होता. मठाच्या पवित्र जागेवर किल्ला चढवल्याची ही सजा, असे तेव्हाच्या आयरिश बखरकारांनी मानले. म्हणजे 'आमचे धर्मस्थान मोडून तुमची वास्तू उभी राहिली' हा आक्रोश तिथेही होता आणि तो खरा होता. कुणी तो नाकारत नाही. तरीसुद्धा ट्रिमचा बुरूज आज आयर्लंडच्या सरकारने डागडुजी करून उभा ठेवला आहे. तिकीट काढून, टोपी घालून, मार्गदर्शकाबरोबर शाळेची मुले जिने चढतात, आणि हा किल्ला कुणी, कुणाला दाबण्यासाठी बांधला हे त्यांना सांगितले जाते.

किलकेनीचा किल्ला घ्या. साडेपाचशेहून अधिक वर्षे तो बटलर या नॉर्मन घराण्याच्या ताब्यात होता. घराण्याचा जोर ओसरला, देखभाल झेपेना, सामानाचा लिलाव झाला, किल्ला ओस पडला. शेवटी १९६७ साली त्या घराण्याच्या वारसाने किल्ला गावच्या समितीला अवघ्या पन्नास पौंडांत दिला. आज त्या गावाची ओळखच त्या किल्ल्यावर आहे. पन्नास पौंडांत किल्ला घेणारे गावकरी बटलरांचे वारस नव्हते. बटलरांना खंड भरणाऱ्यांचे वारस होते. आम्हाला हे फार महत्त्वाचे वाटते. किल्ला बांधतो सरदार, पण दगड वाहतो कोण, खंड कुणाच्या शेतातून जातो, बुरुजावर पहारा कोण देतो? मालकीचा हिशेब घामाने मांडला तर ट्रिमही आयरिश शेतकऱ्याचा आहे आणि किलकेनीही. किल्ला कुणाच्या बापाचा, या प्रश्नाला आमचे उत्तर हे आहे: दगड वाहणाऱ्याच्या बापाचा.

जाळणारा कोण होता?

'बांधणारे परके, मोडणारेही परके' असे चित्र रंगवणाऱ्यांनी कॅशेलचा खडक बघावा. टिपररीच्या सपाट हिरव्या रानात एकदम वर आलेला चुनखडीचा सुळका, त्याच्यावर मनोरा, कॅथीड्रल आणि कॉर्मॅकचे चॅपल. ही मन्स्टरच्या राजांची गादी. ११०१ साली राजा मर्कर्टाख ओब्रायन याने ती जागा चर्चला दान केली. कॉर्मॅकच्या चॅपलचे काम ११३४ मध्ये पुरे झाले. १६४७ च्या सप्टेंबरात इंग्लंडच्या पार्लमेंटच्या बाजूने लढणाऱ्या फौजेने या खडकावर हल्ला केला. कॅथीड्रलमध्ये आसऱ्याला आलेल्यांसह शेकडो माणसे कापली गेली.

त्या फौजेचा सेनापती कोण होता? मरो ओब्रायन, इंचिक्विनचा सरदार. अस्सल आयरिश, त्याच ओब्रायन कुळातला, ज्या कुळातल्या राजाने साडेपाचशे वर्षांपूर्वी तो खडक देवाला वाहिला होता. त्याच्या जाळपोळीमुळे लोकांनी त्याला आयरिश भाषेत 'आगीचा मरो' हे नाव ठेवले. सत्तेच्या लढाईत धर्म आणि वंश किती वेळा पोशाखासारखे घातले आणि उतरवले जातात, याचा याहून चांगला धडा आम्हाला ठाऊक नाही. ज्यांना मध्ययुगातली प्रत्येक स्वारी ही दोन धर्मांची कुस्ती वाटते, त्यांनी या खडकाच्या पायथ्याशी तासभर बसावे.

आयर्लंडला संत ठरवू नका

इथवर वाचून आपल्यातला दुसरा वक्ता खूश झाला असेल. त्याने थोडे थांबावे. कारण आयर्लंडने केलेला विध्वंसही लहान नाही.

१९२० ते १९२३ या काळात, स्वातंत्र्ययुद्धात आणि नंतरच्या यादवीत, जमीनदारांच्या अडीचशेहून अधिक हवेल्या जाळल्या गेल्या. त्या हवेल्यांत नुसते जमीनदारांचे झुंबर जळले नाहीत. कुळांच्या नोंदी, खंडाच्या वह्या, म्हणजे गरिबांच्या इतिहासाचे कागदही जळले. ३० जून १९२२ रोजी डब्लिनच्या 'फोर कोर्ट्स'मधले सरकारी दफ्तरखाने उडाले. सात शतकांचे कागद गेले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या जनगणनेचे बहुतेक तक्ते त्यात गेले. ही आग लावायला कुणी परका आला नव्हता. आयरिश माणसेच आयरिश माणसांशी लढत होती. बरोबर शंभर वर्षांनी, २०२२ मध्ये, जगभरच्या ग्रंथालयांतून नकला गोळा करून ते दफ्तर संगणकावर पुन्हा उभे करण्याचा प्रकल्प त्यांनी लोकांसाठी खुला केला. जाळायला एक दिवस पुरला, गोळा करायला शंभर वर्षांनंतर सुरुवात झाली.

पुतळ्यांचेही तेच. व्हिक्टोरिया राणीचा पुतळा १९४८ मध्ये संसदेसमोरून हलवला आणि १९८७ मध्ये थेट ऑस्ट्रेलियात सिडनीला पाठवून दिला. पंजाबात शिखांशी लढलेल्या लॉर्ड गफचा फिनिक्स पार्कमधला घोडेस्वार पुतळा १९५७ मध्ये सुरुंगाने उडवला. १९६६ मध्ये नेल्सनचा उंच स्तंभ उडवला. गावांची नावे बदलली: किंग्जटाउनचे डन लेरी झाले, क्वीन्सटाउनचे कोव्ह झाले. उत्तरेत एकाच शहराला एक समाज डेरी म्हणतो, दुसरा लंडनडेरी. कुणी कोणते नाव घेतले यावरून त्याचा धर्म ओळखतात. नाव बदलाचा हट्ट हा फक्त आपल्याच मातीतला रोग आहे असे समजण्याचे कारण नाही. मात्र फरक एक आहे. डन लेरीचे नाव बदलले तरी तिथले बंदर कुणी बांधले हे पाठ्यपुस्तकातून काढले नाही.

आणि स्वतःच्या वारशाचे त्यांनी काय केले? १९७० च्या दशकात डब्लिनमध्ये वुड की या जागी महापालिकेच्या कचेऱ्यांसाठी खोदकाम चालू असताना व्हायकिंगांच्या काळातले अख्खे गाव सापडले: लाकडी घरे, रस्ते, धक्के. व्हायकिंग म्हणजे कोण? मठ लुटणारे, भिक्षूंना गुलाम करून नेणारे दर्यावर्दी. डब्लिन शहर मुळात त्यांनीच वसवले. सप्टेंबर १९७८ मध्ये सुमारे वीस हजार लोक ते अवशेष वाचवण्यासाठी रस्त्यावर उतरले, आणि त्यांच्या पुढे होते एफ. एक्स. मार्टिन, इतिहासाचे प्राध्यापक आणि स्वतः ख्रिस्ती पाद्री! मठ लुटणाऱ्यांच्या घरांसाठी मठातला माणूस न्यायालयात गेला. आम्हाला सलाम करावासा वाटतो तो या माणसाला. पण शेवटी काय झाले? मोर्चा झाला, न्यायालयाने ती जागा राष्ट्रीय स्मारक असल्याचे मान्य केले, आणि तरीही कचेऱ्या उठल्या. आज तिथे महापालिकेच्या इमारती उभ्या आहेत.

टाराच्या टेकडीचेही तसेच. आयर्लंडच्या महाराजांच्या राज्याभिषेकाची ही जागा. १८४३ साली डॅनियल ओकॉनेल यांनी लाखोंची सभा घेतली ती इथेच. १८९९ ते १९०२ च्या दरम्यान इंग्रजांतल्या एका धर्मवेड्या पंथाने, बायबलमधली कराराची पेटी इथे पुरलेली आहे अशी समजूत करून घेऊन, टेकडीवर कुदळी चालवल्या. पेटी सापडली नाही, सापडणारही नव्हती. पुरातन अवशेषांची मात्र खराबी झाली. कवी येट्स, डग्लस हाइड यांच्यासारख्यांनी जाहीर निषेध केला. श्रद्धेच्या जोरावर जमिनीखालचा इतिहास खोदायला निघालेल्यांचे काय होते, ते या टेकडीने सव्वाशे वर्षांपूर्वी दाखवले आहे. पुढे स्वतंत्र आयर्लंडने काय केले? त्याच टाराच्या खोऱ्यातून एम-थ्री हा महामार्ग नेला. २००७ मध्ये त्या मार्गावर लिसमलिन येथे प्राचीन लाकडी खांबांचे वर्तुळ सापडले, ते राष्ट्रीय स्मारक ठरवले गेले, त्याची नोंद केली गेली, आणि त्याच्यावरूनच रस्ता गेला. जून २०१० मध्ये महामार्ग सुरू झाला. परक्याने पेटीसाठी खोदले, घरच्याने मोटारीसाठी. तेव्हा 'आपल्यांचे राज्य आले की आपला वारसा वाचतो' ही समजूतही सोडून द्यावी.

मेजवानी आणि दुष्काळ

आता त्या लोकांचा समाचार घेऊ, जे किल्ला म्हटले की फक्त फोटो काढतात. ब्लार्नीच्या किल्ल्यात एका दगडाचे चुंबन घेतले की वाणी गोड होते म्हणे. त्यासाठी माणसे रांगेत ताटकळतात. बनरॅटीच्या किल्ल्यात १९६० च्या दशकापासून 'मध्ययुगीन मेजवानी' चालते: मखमली पोशाखातल्या गायिका, मधाची दारू, हाताने खायचे मटण. परदेशी पाहुणा तासा-दोन तासांसाठी सरदार होतो. त्या मध्ययुगात शंभरातले नव्याण्णव लोक सरदाराच्या ताटावर बसत नसत, ताट भरण्यासाठी राबत असत. पण शेतमजुराची मेजवानी विकत कोण घेणार? काही किल्ल्यांची आलिशान हॉटेले झाली आहेत. वास्तू उभी आहे, रंगरंगोटी उत्तम आहे, आणि इतिहास मेला आहे. पाडणाऱ्याने दगड मारला, विकणाऱ्याने अर्थ मारला. दुसरा गुन्हा पहिल्यापेक्षा सभ्य दिसतो, एवढेच.

याच्या उलट आम्हाला रॉसकॉमन जिल्ह्यात स्ट्रोक्सटाउन येथे दिसले. ही एका मोठ्या जमीनदाराची हवेली. बटाट्याच्या दुष्काळात, १८४७ साली, तिथला जमीनदार डेनिस महॉन याने आपल्या १४९० कुळांना जमिनीवरून काढून कॅनडाच्या वाटेला लावले. माणसे पायी डब्लिनपर्यंत गेली, पुढे जहाजांवर चढली; त्यांतली कितीतरी वाटेतच मेली. त्याच वर्षी नोव्हेंबरात महॉनला गोळी घालून मारण्यात आले. १९७९ मध्ये गावातल्याच एका गॅरेजवाल्याने ती मालमत्ता धंद्याच्या जागेसाठी विकत घेतली. हवेलीच्या कचेरीत त्याला जुन्या कागदांचे गठ्ठे मिळाले. त्यात कुळांनी मालकाला केलेले अर्ज होते: आमची मुले उपाशी आहेत, काम द्या. ते वाचून या माणसाने हवेली पाडली नाही, तिचे हॉटेलही केले नाही. १९९४ मध्ये तिथेच राष्ट्रीय दुष्काळ संग्रहालय सुरू झाले. आज पाहुणा आधी मालकाची चांदीची भांडी बघतो आणि मग उपाशी माणसाचा अर्ज वाचतो. वारसा जपणे म्हणतात ते याला. ही हवेली जाळली असती तर ते अर्जही जळाले असते आणि महॉन आज नुसता गोळीने मेलेला बिचारा सरदार उरला असता.

आता आपल्याविषयी

इतरांना शहाणपण सांगून झाले; घरचे हिशेब बाकी आहेत.

दुष्काळाच्याच संदर्भातली एक गोष्ट आपल्याकडच्या ईद अंकांत आणि आता मोबाइलवर सारखी फिरते. तुर्की सुलतान अब्दुल मजीदने उपाशी आयर्लंडला धान्याची जहाजे पाठवली, इंग्रजांनी अडवली, ती ड्रॉहेडा बंदरात गुपचूप उतरली, आणि म्हणून त्या गावाच्या चिन्हात चांद-तारा आहे. ऐकायला फार सुंदर! यातले खरे एवढेच की सुलतानाने १८४७ मध्ये एक हजार पौंड दिले आणि आयर्लंडच्या मान्यवरांनी त्याला आभाराचे पत्र पाठवले. सुलतानाच्या जहाजांचा भक्कम पुरावा नाही आणि ड्रॉहेडाच्या चिन्हातला चांद-तारा दुष्काळापेक्षा कैक शतके जुना आहे. २०१० मध्ये आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्षा मेरी मॅकअलीस यांनीही तुर्कस्तानात ही कथा सांगितली, तेव्हा त्यांच्याच देशातल्या जाणकारांनी ती खोडून काढली. आम्ही विचारतो, खरे हजार पौंड कमी होते का? त्या दानावर खोट्या जहाजांचे ओझे कशाला? दुसऱ्यांच्या दंतकथांवर आपण हसतो आणि आपल्या दंतकथा 'तारीख' म्हणून मुलांना शिकवतो.

आणि जो सुलतानाची जहाजे मोठ्या फख्रने सांगतो, त्याने बाल्टिमोरची हकीगतही सांगावी. १६३१ च्या जूनमध्ये अल्जियर्सच्या चाच्यांनी आयर्लंडच्या दक्षिण टोकाच्या या गावावर पहाटे छापा घातला आणि शंभराहून अधिक बायका, मुले, पुरुष गुलाम म्हणून नेले. म्होरक्या मुराद रईस. तो जन्माने डच, धर्मांतराने मुसलमान. पकडलेले बहुतेक इंग्रज वसाहतवाले, आणि वाट दाखवणारा किनाऱ्यावरचाच एक कोळी, ज्याला पुढे फाशी झाली. बघा, इथेही 'आपले' आणि 'परके' कसे एकमेकांत मिसळले आहेत! पण गुलाम नेले ते नेले. ज्या मापाने आपण इतरांकडून सत्य मागतो, ते माप आधी आपल्या घरात लावले पाहिजे. मुराद रईसचा जुलूम सांगितल्याने इस्लाम लहान होत नाही. लपवल्याने मात्र आपण लहान होतो.

तिसरी गोष्ट डब्लिनच्या किल्ल्यातली. १२०४ साली किंग जॉनच्या हुकमाने उभा राहू लागलेला हा किल्ला म्हणजे इंग्रजी सत्तेचे केंद्र. १६ जानेवारी १९२२ रोजी तो मायकेल कॉलिन्सच्या हाती आला. नव्या राज्याने तो पाडला नाही. त्याच किल्ल्यातल्या दिवाणखान्यात आज आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्षांचा शपथविधी होतो. दारावरची न्यायदेवता शहराकडे पाठ करून आत किल्ल्याकडे तोंड करून उभी आहे. इंग्रजी न्याय असाच होता, असे म्हणून डब्लिनकर हसतात आणि तिला तशीच ठेवतात. या किल्ल्याच्या आवारात २००० सालापासून चेस्टर बीटी संग्रहालय आहे, प्रवेश मोफत. तिथे बगदादच्या इब्न अल-बव्वाबच्या हातचा कुरआन आहे, हिजरी ३९१ चा, म्हणजे हजार वर्षांहून जुना. नस्ख लिपीला ज्यांनी घडवले त्यांतला हा उस्ताद. आम्ही वर्गात रोज ज्या वळणाची अक्षरे मुलांकडून गिरवून घेतो, त्या अक्षरांच्या घराण्यातला हा पूर्वज. खाणींच्या धंद्यात श्रीमंत झालेल्या एका अमेरिकन माणसाने पूर्वेच्या बाजारांत अशा वस्तू विकत घेतल्या आणि मरताना आयर्लंडच्या जनतेसाठी ठेवून दिल्या.

हा कुरआन बगदादहून इथवर कसा आला, असा संताप कुणाला येईल. तो रास्तही आहे. बाजार नेहमी दुबळ्याच्या घरातून बलवानाच्या घराकडे वाहतो. पण संतापाबरोबर दुसराही प्रश्न विचारावा लागेल. आपल्या गावच्या मशिदीच्या कमानीवर जो फारसी शिलालेख आहे तो आपल्यापैकी कितीजण वाचू शकतात? किती शिलालेखांवर आपल्याच ट्रस्टींनी ऑइलपेंट फासला? किती दर्ग्यांच्या कोरीव काळ्या दगडावर, 'मजार चकचकीत दिसावी' म्हणून, न्हाणीघरातल्या फरशा चिकटवल्या? जुनी मशीद 'लहान पडते' म्हणून पाडून सिमेंटची उभारताना पुरातत्त्व खात्याला विचारले कुणी? दुसऱ्याने हात लावला की आपण मोर्चा काढतो, आपला मुतवल्ली हातोडा चालवतो तेव्हा सबाबचे काम म्हणून चंदा देतो.

शेवटचा धागा थेट आपल्या मातीचा आहे. फिनिक्स पार्कमध्ये वेलिंग्टनचा बासष्ट मीटर उंच स्तंभ आहे. पायथ्याशी वॉटर्लूत जिंकलेल्या तोफांच्या धातूचे ओतीव फलक. त्यांतला एक भारतातल्या लढायांचा. हा आर्थर वेलस्ली मीथमधल्या डँगनच्या हवेलीत वाढला, ट्रिमचा खासदार होता. याच माणसाच्या फौजा १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात होत्या. यानेच १८०३ च्या ऑगस्टात अहमदनगरचा (आताच्या अहिल्यानगरचा) भुईकोट घेतला, सप्टेंबरात असईला शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि डिसेंबरात गाविलगड सर केला. निजामशहाने बांधलेल्या नगरच्या किल्ल्यात तेव्हा शिंद्यांची शिबंदी होती आणि तिच्यात अरब शिपाईही होते. आयर्लंडचा मुलगा इंग्रजांसाठी, मराठ्यांच्या ताब्यातला, मुसलमान सुलतानाने बांधलेला किल्ला घेतो! आता सांगा, नगरचा किल्ला कुणाच्या बापाचा? आज वेलस्लीची डँगनची हवेली छप्पर उडालेली, पडीक उभी आहे. त्याने घेतलेला नगरचा किल्ला मात्र अजून भक्कम आहे.

म्हणून आमचे सांगणे दोघांनाही आहे. पाडा म्हणणाऱ्यांना: आयर्लंडचे नाव घेऊ नका, त्याने जे पाडले ते तो शंभर वर्षांनी वेचत बसला आहे. जपा म्हणणाऱ्या आपल्या लोकांना: 'आमच्या बादशहाने बांधले' हे वाक्य सोडून द्या. बादशहा आपला नातेवाईक नव्हता. आपले वाडवडील त्याच्या किल्ल्याचे दगड वाहत होते, शेजारच्या कुणब्याच्या, महाराच्या, वडाराच्या खांद्याला खांदा लावून. किल्ला बादशहाचा म्हणून मागाल तर भांडण होईल, दगड वाहणाऱ्यांचा म्हणून मागाल तर शेजारीही तुमच्याबरोबर उभा राहील.

आणि हे नुसते बोलून होणार नाही. प्रत्येक गावच्या जमातीने आपल्या मशिदी, दर्गे, बारव, कबरस्तान यांतल्या जुन्या शिलालेखांची नोंद करावी, छायाचित्रे काढावीत, वाचता येणाऱ्याकडून ती वाचून मराठीत आणि उर्दूत फलक लावावेत. तोवर रंगाचा डबा आणि फरशांची खोकी ट्रस्टच्या कचेरीतच कुलपात ठेवावीत. शाळेच्या सहली नुसत्या बागांना आणि पाण्याच्या खेळांना न नेता जवळच्या किल्ल्यावर न्याव्यात, आणि तिथे मुलांना तीनच प्रश्न विचारावेत: हे कुणी बांधले? कुणाकडून बांधून घेतले? कुणाला दाबण्यासाठी? या तीन प्रश्नांची खरी उत्तरे ज्याला देता येतील, तो किल्ला त्याचा.